कात्रीबाईंच्या तीस पेशी

“तो बुडबुडा आहे. पेशी नव्हे, बुडबुडा,” कात्रीबाई म्हणाल्या. समोर माणूस नव्हता, संगणक होता. पडद्यावरच्या एका गोल डागाभोवती प्रोग्रामने हिरवी रेघ ओढली होती आणि त्या डागाला ‘पेशी क्रमांक ३१’ असं नाव दिलं होतं. पेशी तीसच होत्या. प्रत्येक पानावर त्या तीसच निवडत. प्रोग्राम मात्र कधी एकतीस मोजायचा, कधी अडतीस. एकदा तर त्याने काचेवर उमटलेला बाईंचा अंगठा मोजला होता आणि त्याला सर्वांत मोठी पेशी ठरवलं होतं.

बाई विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहेत. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला विद्यार्थी त्यांना मावशी म्हणत. “तुझ्या आईला बहिणी किती, ते घरी विचारून ये,” असं त्या एकेकाला सुनावत गेल्या आणि मावशी बंद झालं. मग कुणीतरी कात्रीबाई हे नाव काढलं. ते कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “निदान खरं तरी आहे.”

त्यांचं काम असं. मोहरीच्या कुळातलं एक रोप कुंडीत वाढवायचं. त्याचं एक पान अंगठ्याच्या नखाएवढं झालं की रोज सकाळी त्या पानाच्या वरच्या कातडीचा ठसा घ्यायचा. दंतवैद्य दातांच्या मापासाठी वापरतात तीच दोन ट्यूबमधली पेस्ट कालवून पानावर अलगद पसरायची, चार मिनिटं थांबायचं आणि पानाला धक्का न लावता ती उचलायची. त्या साच्यात बिनरंगी नेलपॉलिश ओतायचं. ते वाळलं की पातळ पापुद्रा निघतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पानाची सगळी कातडी दिसते, पेशी न् पेशी. पान जिवंतच राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसा द्यायला तयार असतं. असे पंधरा दिवस. दुकानात नेलपॉलिशच्या बारा बाटल्या एकदम घेताना दुकानदाराने एकदा विचारलं होतं, “घरात लग्न आहे का?” बाई म्हणाल्या, “पानाचं आहे.”

पान कोवळं असतं तेव्हा या पेशी सरळ कडांच्या असतात, पाच-सहा कोनांच्या, फरशी बसवावी तशा. मग आतल्या पाण्याचा दाब भिंतीवर येतो, भिंत कुठे सैल पडते, कुठे ताठ राहते आणि कडा वळणं घ्यायला लागतात. एकीला फुगवटा आला की शेजारणीला तिथे खाच पडते. आठवड्याभरात पुठ्ठ्याचे तुकडे जुळवायच्या कोड्यासारखं सगळं एकमेकांत अडकून बसतं. कुणालाच जागेवरून हलता येत नाही, कारण भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. जे काही वाढायचं ते शेजारणीला धरून, आहे तिथेच. पानाच्या टोकाकडच्या पेशींचं विभागणं आधी थांबतं, नंतर त्या फक्त मोठ्या होतात आणि एक दिवस तेही थांबवतात. बाई टोकाजवळच्याच तीस निवडतात, म्हणजे मध्येच एकीच्या दोन झाल्या असला ताप नको.

पेशी किती मोठी झाली हे मोजायची बाईंची रीत जुनी आहे. ठशाचा फोटो मोठा करून छापायचा, वर कागद ठेवून पेशीची कड गिरवायची, ती कात्रीने कापायची आणि तो तुकडा नाजूक काट्यावर तोलायचा. कागद सगळीकडे सारख्याच जाडीचा, म्हणून वजन जास्त तर क्षेत्रफळ जास्त. पहिल्या दिवशीचा तुकडा शर्टाच्या बटणाएवढा असतो, बाराव्या दिवसापर्यंत तळहाताएवढा होतो. एका पानामागे साडेचारशे तुकडे. प्रोग्राम सुधारेपर्यंत बाईंच्या कात्रीला पर्याय नव्हता आणि प्रोग्राम लिहिणारा तरुण दुसरी नोकरी धरून केव्हाच निघून गेला होता.

हे सगळं ज्या मुलीच्या प्रबंधासाठी चाललं होतं ती संशोधक मुलगी रोज उशिरा यायची आणि आल्या आल्या “झालं का?” विचारायची. या दोन शब्दांनी बाईंच्या अंगावर काटा येई.

“पान काय बस आहे, वेळेवर सुटायला?”

“तसं नाही हो बाई. शुक्रवारी समिती आहे ना माझी.”

समितीची गोष्ट साऱ्या मजल्याला ठाऊक होती. मुलीची पाच वर्षं संपत आली होती. मुदत वाढवून मिळाली नाही तर प्रबंध अर्धवट सोडून गावी परत जायचं होतं. मुदतवाढ द्यायची की नाही ते शुक्रवारी ठरणार होतं आणि समितीचा एकच प्रश्न असे: नवीन काय सापडलं? मुलीकडे नवीन असं काही नव्हतं. पेशी बाराव्या दिवशी वाढायच्या थांबतात हे आधीही लोकांनी पाहिलं होतं. तिने ते जास्त बारकाईने पाहिलं होतं, इतकंच.

पान बाराव्या दिवसापर्यंत पोचलं आणि त्याच वेळी बाईंच्या नणंदेच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. तीन दिवस रजा घेण्यावाचून इलाज नव्हता. बाईंनी मुलीसाठी यादी लिहिली. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, तेवीस कलमं. पेस्ट किती कालवायची, पान कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही, कात्री कोणती, ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, चिकटपट्टी कापायला तर मुळीच नाही. मुलीने यादी वाचली आणि विचारलं, “श्वास कधी घ्यायचा तेही लिहिलंय का?”

“घेऊ नकोस. पापुद्रे उडतात.”

तीन दिवस बाई इस्पितळातल्या बाकावर बसून होत्या. नणंद भुलीतून बाहेर आल्यावर म्हणाली, “वहिनी, तुझा चेहरा असा का? ऑपरेशन माझं झालंय ना?” बाईंचं चित्त कात्रीपाशी होतं, हे त्यांनी कबूल केलं नाही.

मंगळवारी त्या कामावर परतल्या, तर सर त्यांच्या खोलीत आधीच येऊन उभे होते. सर म्हणजे मुलीचे मार्गदर्शक, एरवी या खोलीत फक्त स्टेपलर शोधायला येणारे. हातात तक्ता होता.

“बाई, दुसरी वाढ आहे!”

“कशाची?”

“पेशींची! बाराव्या दिवशी थांबल्या आणि तेराव्याला पुन्हा निघाल्या. दीड टक्का, तीन टक्के, चार टक्के. सलग तीन दिवस. हे कुणीच नोंदवलेलं नाही.”

मागे मुलगी उभी होती. तीन दिवस तिने एकटीने ठसे घेतले होते, नव्वद तुकडे कापले होते, बोटाला फोड आली होती. गेल्या वर्षभरात बाईंनी तिचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता. “बाई, मी तुमची यादी अक्षरन् अक्षर पाळली,” ती म्हणाली.

बाईंनी तक्ता घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. त्यांना ते आकडे आवडले नाहीत. शेवटच्या दिवशी मोठ्या पेशी चार टक्क्यांनी वाढल्या होत्या, लहानही चार टक्क्यांनी. सतरा क्रमांकाची पेशी सगळ्यांत तऱ्हेवाईक, ती नवव्या दिवशीच अडून बसली होती. तिनेही चार टक्के दिले होते. पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या त्या दोन पेशीसुद्धा चार टक्के. सव्वीस वर्षांत बाईंनी तीस पेशींचं कशावरही एकमत झालेलं पाहिलं नव्हतं. एक धावते, एक रेंगाळते, एक शेजारणीच्या अंगावर रेलते. आणि आता सगळ्या एका पावलाने चालल्या होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

“काय झालं?” मुलीने विचारलं.

“काही नाही. आकडे फार शहाण्यासारखे वागतायत.”

घरी आल्या तर मोरीचं दार लागत नव्हतं. गेला आठवडाभर हवा दमट होती, आकाश कोंदलेलं होतं. नवरा सुतारकाम करतो, पण स्वतःच्या घरातल्या दारांकडे बघत नाही. बाईंनी दाराला दोन धक्के मारले, तिसऱ्याला बोट चेमटलं.

“अहो, चार दिवस झाले सांगतेय! रंधा मारा याला. जगाची दारं नीट करता!”

“मारणार नाही,” नवरा खुर्चीतून न उठता म्हणाला. “फुगलंय ते. हवा सुकली की आपोआप बसेल जागेवर. आत्ता तासलं तर पुढच्या महिन्यात फट पडेल, मग म्हणशील फट बुजवा.”

“म्हणजे तोवर कुणी आंघोळ करायची नाही?”

“पडदा लाव. दार काय वाढलेलं नाही, पाणी प्यायलंय.”

बाई बोट चोखत तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “कागद.”

“कसला कागद?”

“तुम्हाला नाही कळायचं,” असं म्हणून त्या आत गेल्या. नवऱ्याला काहीच कळलं नाही, पण दाराचा विषय संपला म्हणून त्याने समाधान मानलं.

बुधवारी सकाळी खोली उघडल्या उघडल्या बाई काचेच्या कपाटापाशी गेल्या. गिरवायचे कोरे कागद आणि कापलेले तुकडे या कपाटात राहतात. तळाच्या बशीत सिलिकाचे मणी असतात, ते कपाटातली ओल शोषून घेतात. कोरडे असले की निळे दिसतात, ओल भरली की गुलाबी होतात. मग ते भट्टीत तापवून पुन्हा निळे करायचे. बशीतले मणी गुलाबी होते. एकही निळा नव्हता.

मुलगी आली तेव्हा बाई बशी हातात घेऊन उभ्या होत्या.

“हे काय आहे?”

“मणी. छान रंग आलाय ना? आधी निळे होते.”

बाईंनी डोळे मिटले. “तापवले का नाहीस?”

“तापवायचे असतात?”

“दर तीन दिवसांनी! कागद ओल पितो, जड होतो. तू पेशी तोललीच नाहीस, हवा तोललीस. आणि चौरस? दहा सेंटिमीटरचा कोरा चौरस रोज आधी तोलायचा, म्हणजे त्या दिवशीचा कागद किती जड ते कळतं. तो तोललास?”

“कुठला चौरस?”

“वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने रोज लिहिलेला असतो तो आकडा!”

“ते मला वाटलं तुमच्या फोनचा नंबर-बिंबर असेल.”

“एवढी मोठी यादी दिली तरी डोळ्यांवर पट्टी बांधून—”

“यादीत नव्हतं,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला. “बाई, यादीत नव्हतं हे. बघा तुम्हीच.” तिने पाकिटात घडी घालून ठेवलेला कागद काढून टेबलावर आपटला.

बाईंनी वाचला. पुढची बाजू, मागची बाजू. कात्रीबद्दल पाच कलमं होती. खिडकीचा पडदा किती ओढायचा तेसुद्धा होतं. मणी नव्हते, चौरस नव्हता. या दोन गोष्टी त्या सकाळी पर्स ठेवता ठेवता करत, इतकी वर्षं करत आल्या होत्या की त्यांना ते काम वाटतच नसे. म्हणून लिहिताना आठवलं नव्हतं.

“नाहीये,” त्या म्हणाल्या. “माझी चूक.”

मुलीला भांडण पुढे न्यायचं होतं, पण समोरून वाटच बंद झाली. ती स्टुलावर बसली. “म्हणजे दुसरी वाढ नाहीच?”

“सांगता येत नाही अजून. वाळवून बघू. तुकडे तेच आहेत, पळून नाही गेले.”

मणी तापवायला भट्टी हवी, तर भट्टीत शेजारच्या गटाने माती वाळत घातली होती आणि वर चिठ्ठी लावली होती: ‘उघडू नये.’ बाईंनी उघडली. अर्ध्या तासात तो गट दारात आला, बाईंनी त्यांना बशी दाखवली, आवाज न चढवता चार वाक्यं बोलल्या आणि तो गट माती घेऊन गेला. दुपारपर्यंत मणी निळे झाले. कपाटात नव्वद तुकडे, एक कोरा चौरस आणि भरलेली बशी ठेवून बाईंनी दार लावलं आणि वर चिकटपट्टी मारली. ती पट्टी त्यांनी दाताने तोडली.

गुरुवारी सकाळी दोघी काट्यासमोर बसल्या. काट्याच्या काचेच्या आत तुकडा ठेवायचा, झडप लावायची, आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. बाई तोलत होत्या, मुलगी लिहीत होती. दहा तुकड्यांनंतर मुलीने लिहिणं थांबवलं.

“लिही.”

“काय लिहायचं? बाराव्या दिवसाइतकंच येतंय सगळं.”

“तेच लिही.”

नव्वदच्या नव्वद झाले. ओल गेली आणि दुसरी वाढही गेली. सतरा क्रमांकाची पेशी नवव्या दिवशी जिथे होती तिथेच होती. पान बाराव्या दिवशी थांबलं होतं, सगळ्यांची पानं थांबतात तसंच.

सरांना सांगायला दोघी वर गेल्या. सरांनी नवा तक्ता पाहिला, जुना पाहिला, चष्मा काढून पुसला. “समितीला मी कालच फोनवर सांगून बसलो ना,” ते म्हणाले. मग, “तेरा-चौदा-पंधरा दिवस आपण गाळले तर? बारापर्यंतच दाखवायचं. खोटं काहीच नाही त्यात.”

“मग समिती विचारेल, दुसऱ्या वाढीचं काय झालं,” मुलगी म्हणाली.

“अजून तपासतोय म्हणायचं.”

“तपासलंय ना आता.”

सर बाईंकडे वळले. “बाई, तुम्ही अनुभवी आहात. तुम्हाला काय वाटतं?”

असा प्रश्न त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारला होता आणि नेमका आत्ता विचारला होता, याचाही बाईंना वैताग आला. “मला वाटतं, कागद ओला होता,” त्या म्हणाल्या. “यादी मी लिहिली होती, ती अपुरी होती. समितीला नाव लागत असेल तर माझं सांगा. पण मुदतवाढ तिची आहे. काय दाखवायचं ते तिने ठरवावं.”

मुलीने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी धरले. दुसरी वाढ दाखवली असती तर मुदत हमखास मिळाली असती आणि मण्यांचा रंग बघायला समिती काही खाली येणार नव्हती. हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, “पुढच्या वर्षी कुणीतरी हे करून बघेल, कोरड्या कागदावर. मग काय सांगू?” आणि तिने जुना तक्ता सरांच्या टेबलावर ठेवला, नवा बरोबर घेतला.

शुक्रवारी समिती बंद दाराआड बसली. चाळीस मिनिटं. बाई बाहेर बाकावर थांबल्या नाहीत. त्यांना बसून राहणं जमत नाही. त्या खाली काच पुसत राहिल्या, पुसलेलीच.

मुलगी आली ती थेट स्टुलावर बसली. “जुना तक्ताही सरांकडून मागून घेतला होता. मी दोन्ही दाखवले. ओला आणि सुका. एकाने विचारलं, या जमान्यात कागद कापून तोलता? मी म्हटलं, प्रोग्राम बुडबुडे मोजतो. तर ते हसले.”

“पुढे बोल.”

“एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, चूक स्वतः शोधून स्वतः आणलीत, हे पाहिलं. पण नवीन काही नाही, हेही खरं.” तिने नाक पुसलं. “सहा महिने मागितले होते. तीन दिले.”

“तीन.”

“आणि अट आहे. दुसऱ्या एका रोपावर सगळं पहिल्यापासून करायचं. पंधराच्या पंधरा दिवस, रोजचा चौरस लिहून. नाहीतर प्रबंध घेणार नाहीत.”

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. बी रुजायला आठवडा, पान नखाएवढं व्हायला आणखी अडीच, मग पंधरा दिवस ठसे, मग साडेचारशे तुकडे कापायचे आणि तोलायचे, मग लिहायचं. पानाने दगा दिला तर संपलं.

“मग इथे बसून काय करतेस?” त्या म्हणाल्या. “कुंड्या घे. एक नाही, चार. तीन वाया जातील असं धरूनच चालायचं.”

मुलगी उठली. रडायचं होतं ते तिला बहुधा जमलं नाही, कारण बाईंनी तिच्या हातात मातीचं घमेलं दिलं. दोघींनी चार कुंड्या भरल्या. बाईंनी चिमटीत बी धरून एकेक पेरलं, वर मातीचा पातळ थर दिला. मुलीने पट्ट्यांवर क्रमांक आणि तारीख लिहून त्या कुंड्यांत खोचल्या आणि झारीने पाणी घातलं. पहिल्या पट्टीवरचा आकडा पाण्याबरोबर निळा होऊन ओघळला. मग दुसरीवरचा.

बाई झारीकडे पाहत राहिल्या, मग पेनाकडे, मग मुलीकडे.

“शाईचं पेन,” त्या म्हणाल्या. “कुंडीला. शाईचं पेन.”

“तुम्ही सांगितलं नव्हतंत,” मुलगी म्हणाली आणि टेबलाच्या खणात पेन्सिल शोधायला लागली.